उभ्या गाडीची वाढलेली रेस

घरांतील वृद्ध माणसाचें दुखणें आणि दारांतील जुन्या मोटारीचें दुखणें यांची एका बाबतींत सारखीच उपेक्षा होते. दोहोंच्याही तक्रारीवर "वय झालें आतां" हें उत्तर तयार असतें. त्या उत्तरानें देणाराचें समाधान होतें. दुखणें मात्र जेथल्या तेथेंच राहतें. आमच्या व्हॅनच्या बाबतींत हेंच उत्तर आम्हीं स्वतः जवळजवळ दोन महिने दिलें. त्या आळसाची किंमत तुळजापूरच्या घाटांत भरावी लागणार होती. ती थोडक्यांत टळली. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारीं अशीच एखादी जुनी गाडी उभी असेल, म्हणून तो सर्व प्रकार येथें सविस्तर सांगावयाचें योजिलें आहे.

धाराशिवसारख्या ठिकाणीं अशा गाडीची योग्यता काय असते हें मोठ्या शहरांतील लोकांस सहसा कळावयाचें नाहीं. विशेष तपासणीसाठीं वडील माणसांस येथून अजूनही पुष्कळदां सोलापूर गांठावें लागतें. चैत्री पौर्णिमेस येरमाळ्याची येडेश्वरी, नवरात्रांत तुळजापूरची भवानी, मधूनच तेरला गोरोबाकाकांचें दर्शन, आणि लग्नसराईंत तर ज्या गांवाचें बोलावणें येईल तें गांव. एकत्र कुटुंबाचे हे सारे दौरे आमची मारुती ऑम्नी मुकाट्यानें पार पाडीत आली आहे. ही गाडी 1984 सालीं 'मारुती व्हॅन' या साध्या नांवानें बाजारांत आली, 1988 पासून तिला ऑम्नी म्हणूं लागले, आणि 2019 सालीं तिचें उत्पादन थांबलें. बाजूला सरकणारीं दारें, 796 घन सेंटिमीटरांचें तीन सिलिंडरांचें लहानसें इंजिन, आणि तें इंजिन पुढच्या आसनांच्या खालीं; म्हणजे दुरुस्तीसाठीं बॉनेट उघडण्याऐवजीं बसलेल्या माणसास उठवावें लागतें. आमची गाडी 2008 ची. पंधरा वर्षें भरल्यावर 2023 सालीं तिची नोंदणी आम्हीं आणखी पांच वर्षांसाठीं वाढवून घेतली. त्याच सालीं आमच्या उस्मानाबाद जिल्ह्याचें नांव अधिकृतपणें धाराशिव झालें. घरांतील तरुण मंडळींचें म्हणणें असें कीं, नांव बदललें तशी गाडीही बदलावयास हरकत नव्हती.

माघ महिन्यापासून गाडी उभी असतांना तिचा आवाज वाढला. सकाळीं चालू केल्यावर थोडा वेळ ती मोठ्यानें बोलते, हें आम्हांस ठाऊक होतें. परंतु आतां पंधरा-वीस किलोमीटर चालून आल्यावर देखील ती दारांत उभी राहून घोंघावत असे. बाजारांतील गर्दींत पहिल्या गिअरमध्यें क्लच सोडला कीं अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसतांही ती पुढें ओढ घेई. पेट्रोल लवकर संपूं लागलें. इंजिनाचे फेरे दाखविणारा कांटा आमच्या गाडींत नाहीं, त्यामुळें वाढ नेमकी किती झाली हें सांगतां येईना. पण माजघरांत बसलेल्या काकूंस दारांत मोटार चालू आहे कीं पिठाची गिरणी, हें कळेनासें झालें, एवढें प्रमाण पुरेसें होतें.

गाडी एका गॅरेजांत नेली. तेथील मुलानें दोन मिनिटांत एक स्क्रू पिळून रेस खालीं आणली आणि पैसेही घेतले नाहींत. फुकट झालेल्या कामाविषयीं माणसाच्या मनांत सहसा संशय येत नाहीं. चार दिवस बरे गेले. मग पहांटेच्या गारव्यांत गाडी चौकांत दोनदां बंद पडली, आणि दुपारीं तापल्यावर रेस पुन्हां होती तेथें चढली. दुसऱ्या ठिकाणीं सगळी थ्रॉटल-बॉडीच बदलण्याचा सल्ला मिळाला. खर्चाचा आंकडा ऐकून आम्ही घरीं परतलों, आणि तेव्हांपासून "वय झालें" हें उत्तर आमच्या मदतीस धांवून आलें.

चैत्रांत काकूंच्या डोळ्यांची फेरतपासणी सोलापुरास व्हावयाची होती. आमचे वडील बंधु गाडी चालवीत होते. तुळजापूर मागें टाकून सोलापूरच्या बाजूस घाट उतरूं लागल्यावर पहिल्या दोन वळणांवर ब्रेक नेहमीसारखा लागला. तिसऱ्या वळणावर मात्र पायाखालीं दगड ठेवावा तसें पॅडल घट्ट झालें. ब्रेक मुळींच लागेना असें नव्हे. परंतु एरवीं पायाच्या अंगठ्यानें होणाऱ्या कामासाठीं दादांना आसनावरून अर्धें उठून सारा भार पायावर टाकावा लागला. उतारावर पाय काढला म्हणजे इंजिन गाडीस मागें ओढतें, हा रोजचा अनुभव. येथें तेंच इंजिन चढलेल्या रेसमुळें गाडीस मागें धरीनासें झालें होतें. दादांनीं खालचा गिअर घातला, हँडब्रेकची दांडी हळूहळू ओढली आणि रस्त्याच्या कडेस जेथें थोडी रुंद जागा होती तेथें गाडी उभी केली. काकू मागें जप करीत बसल्या होत्या. त्यांना आम्हीं "इंजिन तापलें आहे" एवढेंच सांगितलें. खरें काय झालें तें हा अंक हातीं पडल्यावर त्यांना प्रथमच कळेल.

दुसऱ्या वाहनानें काकूंची सोलापूरकडे रवानगी करून आम्हीं आमची गाडी क्रेननें परत तुळजापुरास आणविली. तेथें एक वृद्ध मिस्त्री भेटले. त्यांनीं हत्यारांस हात न लावतां अगोदर प्रश्न विचारले, यावरूनच हा माणूस जाणता आहे असें आम्हांस वाटलें.

"ब्रेक कधीपासून जड लागायलाय?"

"आजच," दादा म्हणाले.

"आणि रेस?"

"दोन महिने झाले."

"मग ब्रेक बी दोन महिन्यांपासूनच जड व्हायलाय, मालक. तुमच्या पायाला सवय झाली."

रेस आणि ब्रेक या दोन तक्रारी एकाच घरच्या असूं शकतील, हें आमच्यापैकीं कोणाच्या स्वप्नांतही आलें नव्हतें. रेसचा संबंध पेट्रोलशीं, ब्रेकचा चाकांशीं. मध्यें दुवा कोठला? तो दुवा समजण्यासाठीं इंजिन उभ्या उभ्या कसें फिरतें हें थोडें पाहिलें पाहिजे.

गिअर न्यूट्रलमध्यें, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाहीं, अशा स्थितींत इंजिन केवळ जिवंत राहण्यापुरतें ज्या गतीनें फिरतें, तिच्याविषयीं आमच्याकडील गॅरेजांत 'रेस वाढली', 'रेस पडली' असें बोलण्याची चाल आहे. इंजिन तापल्यावर लहान पेट्रोल गाडींत ही गति मिनिटास साधारण 800 ते 1000 फेरे असते. थंड इंजिनास ती थोडा वेळ बाराशें-पंधराशेंपर्यंत चढावी लागते. तो रोग नव्हे. आतां, पेट्रोलच्या इंजिनाची गति मुख्यतः त्यास मिळणाऱ्या हवेवर ठरते. हवेच्या वाटेवर थ्रॉटल नांवाचें धातूचें एक वाटोळें पातें असतें. पाय काढला कीं तें मिटतें, आणि इंजिनास जगण्यापुरती हवा एका अरुंद आडवाटेनें दिली जाते. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत पातें किती मिटावें हें एक स्क्रू ठरवी. फ्यूएल-इंजेक्शनच्या आमच्यासारख्या गाडींत आडवाटेवर विजेची एक झडप असून तिची उघडझाप गाडींतील संगणक करतो.

पातें मिटलेलें आणि त्याच्या पलीकडे सिलिंडरांतील दट्टे तर हवा ओढीतच आहेत, म्हणजे त्या मधल्या नळ्यांत, ज्यांस मॅनिफोल्ड म्हणतात, हवा विरळ होते. बाहेरच्या हवेचा दाब आणि आंतील विरळपणा यांतील ओढ किती मोठी असते, हें सतराव्या शतकांत जर्मनींतील ऑटो फॉन ग्येरिके यानें जगास दाखवून दिलें. तांब्याचे दोन पोकळ अर्धगोल एकमेकांस लावून त्यानें आंतील हवा काढून घेतली, आणि दोन्ही बाजूंस घोडे जुंपूनही ते अर्धगोल सहजासहजीं सुटेनात. शाळेंत हा प्रयोग सर्वांनीं वाचलेला असतो. तीच ओढ आपल्या आसनाखालीं रोज काम करीत असते, हें कोणी सांगत नाहीं.

या ओढीचा मोटार बनविणारांनीं मोठा चतुर उपयोग करून घेतला. ब्रेकच्या पॅडलामागें बूस्टर नांवाचा एक डबा असतो. त्यांत मधोमध पडदा असून मॅनिफोल्डपासून एक जाड रबरी नळी त्या डब्यास येते. आंतील हवा विरळ राहते; पॅडल दाबलें कीं पडद्याच्या मागील अंगास बाहेरची हवा मिळते, आणि ती पडदा पुढें रेटून आपल्या पायास हात देते. नळींत एकाच बाजूस उघडणारी झडप असते, त्यामुळें इंजिन बंद पडलें तरी एक-दोन वेळां पुरेल इतकी शिल्लक डब्यांत उरते. आमच्या घाटांतील पहिलीं दोन वळणें निभावलीं तीं याच शिल्लकेवर, असें मिस्त्रींचें मत पडलें.

आतां दुवा स्पष्ट होतो. ही नळी कोठें चिरली, तर एकाच चिरेनें दोन्ही गोष्टी घडतात. बूस्टरची शक्ति जाते, म्हणून पॅडल जड. आणि त्याच चिरेंतून मॅनिफोल्डमध्यें बिनपरवाना हवा शिरते, म्हणून रेस चढलेली. येथें एक बारकावा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. आमच्या गाडींतील संगणक मॅनिफोल्डमधील दाब पाहून हवेचा हिशेब करतो. चोरवाटेची हवाही त्या दाबांत मिसळते, संगणक तिच्याही वाट्याचें पेट्रोल इमानानें सोडतो आणि इंजिन धांवूं लागतें. कांहीं गाड्यांत हवा मोजण्याचें साधन थ्रॉटलच्या अलीकडे बसविलेलें असतें. तेथें चोरवाटेची हवा मोजणींतून निसटते, आणि पुष्कळदां इंजिन धांवण्याऐवजीं अडखळूं लागतें. एकच चीर, पण लक्षणें निराळीं.

आमच्या जिल्ह्यांतील वाचकांस हें एका दृष्टांतानें चटकन पटेल. नळदुर्गच्या किल्ल्यांत बोरी नदीवर जो बंधारा आहे, ज्याच्या पोटांत पाणीमहाल बांधलेला आहे, त्यावरून पावसाळ्यांत पाणी नर आणि मादी या दोन ठरलेल्या वाटांनीं कोसळतें. उद्यां बंधाऱ्यास तिसरीकडेच भगदाड पडलें, तर या दोन वाटांवर फळ्या ठोकून पाण्याची पातळी राखण्याचा प्रयत्न कोणी शहाणा करील काय? गॅरेजांतील त्या मुलानें स्क्रू पिळला तो हाच प्रयत्न होता. भगदाड तसेंच ठेवून त्यानें ठरलेली वाट आणखी अरुंद केली; म्हणून पहांटे थंड इंजिनास हवा पुरेना आणि तें चौकांत बंद पडलें. इंजेक्शनच्या गाडींत हा स्क्रू कारखान्यांत बसवून दिलेला असतो. त्यावरील रंगाची खूण मोडलेली पाहून मिस्त्रींनीं कपाळास हात लावला, तेव्हां आम्ही दुसरीकडे पाहूं लागलों.

तपासणींत त्यांनीं फुकटच्या गोष्टींपासून आरंभ केला. प्रथम पायाखालचा गालिचा अ‍ॅक्सिलरेटरच्या पॅडलावर चढला आहे काय, हें पाहिलें. हंसण्यासारखी गोष्ट, पण नवा जाड गालिचा घातल्यानंतर रेस चढल्याचीं उदाहरणें त्यांच्या पाहण्यांत पुष्कळ होतीं. मग केबल: इंजिन बंद ठेवून ती थोडी ढिली आहे ना, पातें शेवटपर्यंत मिटतें ना, हें बोटानें अजमावलें. पात्याच्या कडेस काजळी जमली म्हणजे तें अर्धवट उघडें राहतें. आमच्या गाडींत काजळी होती, ती त्यांनीं पुसली, रेस मात्र उतरली नाहीं.

त्यानंतर त्यांनीं स्कॅनर लावला. तापमान 86 अंश, फेरे सतराशेंच्या आसपास. तापमानाचा आंकडा पाहून त्यांना बरें वाटलें, त्याचें कारण ऐकण्यासारखें आहे. आमच्याकडील उन्हाळ्याच्या धास्तीनें कित्येक मिस्त्री इंजिनांतील थर्मोस्टॅट काढून फेंकून देतात. पाणी सतत रेडिएटरमधून फिरत राहतें, इंजिन पुरतें तापतच नाहीं, आणि संगणक बिचारा "अजून थंड आहे" असें समजून रेस चढवून ठेवतो. तापमान सांगणारा सेन्सर बिघडला तरी हाच भ्रम होतो. आमच्या गाडींत तसें कांहीं नव्हतें. उलट स्कॅनरवर असें दिसलें कीं, आडवाटेची झडप संगणकानें जवळजवळ पूर्ण मिटली आहे. संगणक रेस उतरविण्याची पराकाष्ठा करीत आहे आणि तरीही ती उतरत नाहीं, म्हणजे हवा त्याच्या ताब्याबाहेरच्या वाटेनें येत आहे. थ्रॉटल-बॉडी बदलण्याचा सल्ला किती निष्फळ ठरला असता हें त्या एका आंकड्यावरून कळून आलें.

चोरवाट शोधतांना दादांनीं एक युक्ति सुचविली. पूजेच्या पिशवींत उदबत्त्या होत्या. त्यांचा धूर नळ्यांजवळ धरला तर जेथें चीर असेल तेथें तो आंत ओढला जाईल. तत्त्व अगदीं शास्त्रशुद्ध आहे, आणि मोठ्या गॅरेजांतून धूर सोडणारीं यंत्रें असतातही. पण मिस्त्रींनीं उदबत्ती हातांतून काढून घेतली. "पेट्रोलच्या नळीपाशी इस्तू? देवीच्या दारात हे नको." त्याच कारणासाठीं चालू इंजिनावर पेट्रोल किंवा कार्बोरेटर धुण्याचा फवारा मारून चीर शोधण्याची जी रीत कोठें कोठें आहे, तीही त्यांनीं धोक्याची ठरविली, आमच्या मतेंही घरगुती माणसानें त्या वाटेस जाऊं नये. त्यांनीं साध्या पाण्याची फवाऱ्याची बाटली घेतली, आणि विजेच्या जोडण्या टाळून एकेका सांध्यावर थोडें थोडें पाणी उडवून कान दिला. मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर कांहीं फरक नाहीं. मग जाड कापड गुंडाळलेल्या पक्कडीनें ते एकेक रबरी नळी क्षणभर चिमटूं लागले. तिसरी नळी बूस्टरची. ती दाबतांच इंजिनाचा आवाज असा खालीं आला कीं, गाडी बंद पडली असें आम्हांस वाटलें. स्कॅनरवर आंकडा साडेनऊशेंच्या जवळ.

"हितून हवा घ्यायली बघा," मिस्त्री म्हणाले.

चीर क्लॅम्पच्या अगदीं खालीं, नळीच्या पाठच्या अंगास होती. वरून पाहणारास ती दिसण्याचा संभवच नव्हता. आसनाखालच्या बंदिस्त जागेंत इंजिनाची धग आणि वर आमच्याकडील उन्हाळे. सोळा-सतरा वर्षांत रबर वाळून लांकडासारखें झालें होतें. नळी थंड असतां चीर मिटून राही, तापून हलूं लागली कीं उघडे. रेस सकाळपेक्षां दुपारीं अधिक का चढते, या कोड्याचा उलगडा असा झाला. दोष कोणा कारखान्याचा नव्हे. रबराचें आयुष्य संपलें होतें आणि आम्हीं तें पाहिलें नव्हतें.

नवी नळी तुळजापुरांतच मिळाली, तिची किंमत आम्हांस सांगितलेल्या थ्रॉटल-बॉडीच्या पुढें नगण्य होती. ब्रेकचीच नळी असल्यामुळें साधी पाण्याची किंवा पेट्रोलची नळी कापून बसविण्यास मिस्त्रींनीं साफ नकार दिला. तशी नळी आंतील ओढीनें चपटी होते असें त्यांचें म्हणणें. एकमार्गी झडपही त्यांनीं बदलली, स्क्रू पूर्वीच्या खुणेवर आणला, आणि शेवटीं दादांना आसनावर बसवून एक परीक्षा करविली. ती प्रत्येक घरीं करतां येण्याजोगी आहे. इंजिन बंद ठेवून ब्रेकचें पॅडल चार-पांच वेळां दाबावें, म्हणजे तें घट्ट होतें. तसेंच दाबून धरून इंजिन चालू करावें. बूस्टर ठीक असेल तर पॅडल पायाखालीं किंचित् खालीं जातें. तें न हललें, किंवा ब्रेक दाबल्यावर उभ्या गाडीची रेस चढउतार करूं लागली, तर ती गाडी घाटांत तर नाहींच, पण बाजारांतही नेऊं नये. दादांच्या पायाखालीं पॅडल हललें. त्यांनीं तीच परीक्षा आणखी दोनदां करून पाहिली, तिसऱ्या वेळीं मिस्त्रींनीं किल्ली काढून घेतली.

इंजिन चालू ठेवून हीं कामें करावयाचीं तीं उघड्यावर करावीं, एवढें मात्र आमच्याकडून सांगावेंसें वाटतें. बंद गॅरेजांत किंवा वाड्याच्या अरुंद दिंडींत धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायु सांचतो; त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो प्राणघातक आहे.

सायंकाळीं गाडी घेऊन आम्ही काकूंना आणण्यासाठीं सोलापूरकडे निघालों. तोच घाट, तींच वळणें. दादा प्रत्येक वळणाआधीं गरज नसतांही ब्रेक लावून पाहत होते. आम्हीं त्यांस कांहीं म्हटलें नाहीं. रुग्णालयाच्या फाटकांत इंजिन चालू ठेवूनच आम्हीं दार सरकविलें. काकू आंत बसल्या, पदर सावरला, आणि क्षणभर कान देऊन म्हणाल्या, "अरे, पुन्हा बंद पडली की काय ही?"